हाय-प्रेशर कॉम्प्रेसर आणि हातपंपासाठी ओलावा-फिल्टर कसा निवडावा?

रानवाट

नमस्कार मंडळी. पीसीपी एअरगन (आधीच दाबलेली हवा भरून ठेवायची बंदूक) वापरणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय.

माझ्याकडे ५०० सीसी बाटलीची रायफल आहे, २५० बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) भरतो. पहिलं वर्ष हातपंपावर काढलं, मग छोटा पाण्याने थंड होणारा कॉम्प्रेसर घेतला आणि सोबत ६.८ लिटरची टाकी. कॉम्प्रेसरच्या नळीला बोटाएवढा सोनेरी फिल्टर होता, आत कापसाची गुंडाळी. दर वेळी तो कापूस चिंब ओला निघायचा. मी नवीन घालायचो आणि समाधानाने म्हणायचो की पाणी इथेच अडतंय, बंदूक सुरक्षित आहे.

गेल्या महिन्यात छर्ऱ्याचा वेग वर-खाली व्हायला लागला. पहिले दोन-तीन शॉट एकदम जोरात, नंतर सरळ. रेग्युलेटर (दर शॉटला दाब एकसारखा ठेवणारा भाग) उघडला तर पिस्टनवर पांढरी भुकटी, वॉशरांच्या थप्पीवर गंजाचे ठिपके आणि बाटलीच्या तोंडाशी आत चक्क ओल.

कापूस पाणी अडवत होता हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मग आत पाणी गेलं कुठून? आणि आता नेमका कोणता फिल्टर घ्यावा: हवा आत ओढताना लावायचा, की दाबाच्या बाजूचा मोठा? ओल शोषायला सिलिका जेलचे दाणे की मॉलिक्युलर सीव्हचे? दुकानदार प्रत्येक जण आपलाच चांगला म्हणतो.

---

एकनळी

पांढरी भुकटी म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज. माझ्याही एका बाटलीत निघाली होती. रेग्युलेटर आधी स्वच्छ करून घ्या, ओ-रिंगा बदला आणि त्या वॉशरांची थप्पी पूर्ण नवीन घाला. ठिपके पडलेले वॉशर घासून परत बसवले तर दाब स्थिर राहत नाही.

---

वातयंत्र

रानवाट, तुमचा प्रश्न फार नेमका आहे, म्हणून सविस्तर लिहितो. कापसाने त्याचं काम केलं. पण कापूस अडवतो ते थेंब. वाफ त्याच्यातून सरळ निघून जाते. ओला कापूस दिसला म्हणून पुढची हवा कोरडी आहे असं होत नाही. उलट ओल्या कापसातून गेलेली हवा त्या तापमानाला जितकी वाफ धरू शकते तितकी पुरती भरून घेऊन बाहेर पडते.

आकडे बघू. ३० अंश सेल्सिअसला एका घनमीटर जागेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते. आर्द्रता ७० टक्के धरली तर आपण ओढतो त्या प्रत्येक घनमीटर हवेत २१ ग्रॅम पाणी आहे. तुमची बाटली १०० वरून २५० बारला न्यायला सुमारे ७५ लिटर मोकळी (न दाबलेली) हवा लागते, म्हणजे दीड ग्रॅमच्या थोडं वर पाणी. चमचाभरही नाही, पण दर भरणीला तेवढं. ६.८ लिटरची टाकी रिकामी असताना ३०० बारपर्यंत भरली तर हाच आकडा चाळीस ग्रॅमच्या आसपास जातो.

आता महत्त्वाची गोष्ट. दिलेल्या जागेत किती वाफ मावेल हे मुख्यतः तापमान ठरवतं, हवेचा दाब नव्हे. २५० पट हवा त्याच जागेत कोंबली तरी वाफेला जागा तेवढीच. म्हणून दाब चढला की बहुतेक सगळं पाणी थेंब होऊन खाली पडतं. हे आपल्या फायद्याचं आहे. दाब स्वतःच सगळ्यात मोठा ड्रायर आहे, आपण फक्त पडलेलं पाणी वेळेवर बाहेर काढायचं.

पण कॉम्प्रेसरमधून हवा गरम निघते. ६० अंशांना एका घनमीटर जागेत १३० ग्रॅम वाफ मावते, ३० अंशांच्या चौपटीहून जास्त. फिल्टर गरम असेल तर ही जादाची वाफ थेंब न होता पुढे जाते आणि थंड टाकीत पोचल्यावर तिथे पाणी होते. तुमच्या बाबतीत हेच झालंय. फिल्टर थेट कॉम्प्रेसरच्या तोंडाशी होता ना?

---

रानवाट

हो, अगदी तोंडाशी. हात लावला तर चटका बसायचा.

---

वातयंत्र

मग कारण सापडलं. आणि टाकी रिकामी असताना अजून वाईट. सुरुवातीला टाकीत २० बार असेल तर फिल्टरमध्येही २० बारच असतो. ६० अंश आणि २० बार म्हणजे ओढलेल्या दर घनमीटर हवेमागे साडेसहा ग्रॅम वाफ पुढे निसटते. तीच हवा ३० अंशांवर आणि २०० बारवर फिल्टरमधून गेली असती तर ढोबळ हिशेबाने ०.१५ ग्रॅम. चाळीस पटींपेक्षा जास्त फरक, आणि फिल्टर तोच!

(हिशेब ढोबळ आहे. खूप दाट हवा प्रत्यक्षात यापेक्षा थोडी जास्त वाफ धरते. पण प्रमाण समजायला पुरेसा आहे.)

तुलनेसाठी: श्वसनासाठी २०० ते ३०० बारच्या सिलिंडरांत हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरला युरोपीय मानक ईएन १२०२१ दर घनमीटरला २५ मिलिग्रॅम पाण्याची मर्यादा घालतं. निव्वळ थंड करून आणि पाणी गाळून आपण दीडशे मिलिग्रॅमपर्यंत येतो. उरलेल्यासाठी शोषक लागतो. म्हणून फिल्टर निवडण्याआधी क्रम ठरवा: आधी हवा थंड करा, मग थेंब वेगळे करा, मग शोषकातून न्या, आणि शोषकात दाब चढलेला राहील अशी सोय करा. यातलं एक जरी उलटं झालं तर महागातला फिल्टरसुद्धा पहिल्या दोन भरण्यांत भिजून बसतो.

---

दहामीटर

मी १० मीटर एअर रायफल खेळते, आमचे सिलिंडर २०० बारचे. सरावाच्या ठिकाणी मोठ्या टाकीतून भरतो आणि ती टाकी गाळणी-शोषक असलेल्या मोठ्या कॉम्प्रेसरवर भरून येते. चार वर्षांत एकदाही ओल निघाली नाही. ज्यांना घरी कॉम्प्रेसर ठेवायचाच नाही त्यांनी स्कूबावाल्यांकडून टाकी भरून आणणं हा सर्वात निर्धास्त मार्ग आहे, हेही नोंदवून ठेवते. आणि सिलिंडरवर छापलेली मुदत बघत जा. आमच्या खेळात मुदत संपलेला सिलिंडर चालत नाही, पण नियम नसला तरी ती बघायलाच हवी.

---

पाऊलवाट

माझ्याकडे फक्त हातपंप आहे, २०० सीसीची बंदूक. मला हे सगळं लागू पडतं का? पंपाच्या हवा ओढायच्या बाजूला सिलिका जेलची छोटी डबी मिळते, ती घ्यावी का?

---

एकनळी

हातपंपाचं मी सांगतो, पंधरा वर्षं तेच वापरतोय.

आधी पंपाची चाल. पंप तापला की पाणी आत राहण्याऐवजी वाफ होऊन बंदुकीत जातं. त्यामुळे पन्नास-साठ दट्ट्यांनंतर थांबा, ब्लीड (आतला दाब आणि पाणी सोडायचा व्हॉल्व्ह) उघडा, पाच-दहा मिनिटं पंप निवू द्या. ब्लीड करताना तळाशी पांढरा रुमाल धरा, उडणारं पाणी स्पष्ट दिसेल. दट्ट्या खाली आल्यावर दोन-तीन सेकंद तिथेच दाबून धरायची सवय लावा, घाईघाईने उचलू नका. या सवयीने पंप कमी तापतो आणि प्रत्येक दट्ट्यातली हवा पूर्ण पुढे सरकते.

ओढण्याच्या बाजूची डबी चांगली, पण तिच्याकडून किती अपेक्षा करायची ते समजून घ्या. इथे दाब नाही, म्हणून दाबाने पडणारं पाणी आयतं मिळत नाही. वाफेचा प्रत्येक कण जेललाच धरायचाय. डबीत ६० ग्रॅम जेल असेल तर पुढची हवा खरोखर कोरडी ठेवत ते आपल्या वजनाच्या दहा टक्के पाणी धरेल असं मी मानतो, म्हणजे सहा ग्रॅम. पाकिटावर ३० टक्क्यांच्या वर लिहिलेलं असतं, पण तेवढं शोषून होईपर्यंत ते ओली हवा सोडायला लागलेलं असतं. तुमची २०० सीसीची बंदूक १०० वरून २०० बारला न्यायला २० लिटर हवा लागते, त्यात अर्ध्या ग्रॅमहून कमी पाणी. म्हणजे दहा-बारा भरण्या आरामात. रानवाटांच्या ५०० सीसी बाटलीला तीच डबी जेमतेम चार भरण्या पुरेल.

शिवाय दट्ट्या वर ओढताना हवा जेलमधून झपाट्याने जाते, थांबतच नाही. सावकाश ओढा.

---

पाऊलवाट

आणि पंपाच्या बाहेर, दाबाच्या बाजूला मोठा फिल्टर लावला तर?

---

एकनळी

हातपंपाला तो मी लावत नाही, आणि कारण निव्वळ श्रमाचं आहे. फिल्टरच्या आत ५० सीसी जागा असेल तर २५० बारला तिच्यात साडेबारा लिटर हवा कोंबावी लागते. माझा पंप एका दट्ट्यात जेमतेम २०० सीसी हवा ओढतो. म्हणजे साठेक दट्टे फक्त फिल्टर भरायला, आणि भरणी संपली की ती सगळी हवा सोडून द्यायची. ज्यांच्या बंदुकीलाच शंभर दट्टे लागतात त्यांनी हे करून पाहावं आणि मला दुसऱ्या दिवशी खांदे कसे आहेत ते सांगावं. हातपंपाला दहा सीसीच्या आतला अगदी छोटा फिल्टर चालेल, तोही थेंब आणि कण अडवायला.

---

वातयंत्र

सहमत. हातपंपाला ओढण्याच्या बाजूने, कॉम्प्रेसरला दाबाच्या बाजूने. कॉम्प्रेसरलाही काही जण ओढण्याच्या बाजूला मोठ्या पाइपात जेल भरून लावतात. होतं काय, रिकाम्या टाकीमागे चाळीस ग्रॅम पाणी, म्हणजे वरच्या दहा टक्क्यांच्या हिशेबाने दर टाकीला ४०० ग्रॅम जेल खर्ची पडतं. जे पाणी दाबाने फुकट पडणार होतं ते धरायला आपण जेल तापवत बसतो. फायदा एवढाच की कॉम्प्रेसरच्या आत पाणी कमी फिरतं आणि तेल पांढरं होत नाही. ज्यांना ते करायचं असेल त्यांनी जेलनंतर बारीक गाळणी नक्की लावावी. जेलची धूळ सिलिंडरात गेली की पिस्टन रिंगा घासल्या जातात.

---

गारवा

हवामानावर एक प्रश्न. मी पहाटे भरणी टाळतो कारण तेव्हा आर्द्रता ९० टक्के दाखवते. दुपारी ५० टक्के असते. बरोबर ना?

---

वातयंत्र

हा गैरसमज मलाही बरीच वर्षं होता. टक्क्यांकडे बघू नका, ग्रॅमकडे बघा. २० अंश आणि ९० टक्के म्हणजे घनमीटरला साडेपंधरा ग्रॅम. ३५ अंश आणि ५० टक्के म्हणजे जवळपास वीस. पहाटच चांगली. त्यात पहाटे थंड करायचं पाणीही गार असतं, नळीही गार, म्हणजे दुहेरी फायदा. एसी लावलेल्या खोलीत, २४ अंश आणि ५० टक्के, फक्त अकरा ग्रॅम. कॉम्प्रेसर खोलीत आणता येत असेल तर त्यासारखा स्वस्त फिल्टर नाही.

---

रानवाट

सगळ्यांचे आभार, बरंच उलगडलं. आता जेल की सीव्ह ते सांगा. आणि फिल्टरच्या नळकांड्याचा आकार?

---

वातयंत्र

सिलिका जेल दमट हवेत खूप पाणी धरतं, ११०-१२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन-तीन तासांत परत वापरता येतं आणि रंग बदलून सांगतं. पण हवा आधीच बरीच कोरडी असेल तर त्याची पकड ढिली होते, आणि ४०-५० अंशांच्या वर तर फारच. शिवाय पाण्याचा थेंब थेट पडला की दाणे तडकतात, त्याची भुकटी होते.

मॉलिक्युलर सीव्ह म्हणजे झिओलाइटचे दाणे. वजनाच्या वीसेक टक्के पाणी धरतात, पण हवेत वाफ अगदी थोडी उरली असतानाही घट्ट धरतात आणि गरम हवेतही टिकाव धरतात. दाबाच्या बाजूला शेवटच्या टप्प्यात हेच हवं. अडचण एक: परत कोरडं करायला २५० अंशांच्या आसपास तापमान लागतं, आणि उघडं ठेवलं तर काही तासांत खोलीतली ओल पिऊन बसतं. सीलबंद डब्यातच ठेवा.

माझी मांडणी अशी आहे. कॉम्प्रेसरमधून निघालेली हवा दोन मीटर पातळ स्टीलच्या नळीच्या वेटोळ्यातून पाण्याच्या बादलीत. तिथून उभा लावलेला रिकामा विभाजक, म्हणजे थेंब खाली पाडणारं नळकांडं, तळाला ब्लीड व्हॉल्व्ह. मग सीव्हचं नळकांडं, तेही उभं, हवा खालून आत आणि वरून बाहेर. त्यानंतर बॅक-प्रेशर व्हॉल्व्ह, जो १५० बार होईपर्यंत हवा पुढे सोडतच नाही. हा शेवटचा व्हॉल्व्ह बहुतेक जण घेत नाहीत आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो. रिकामी टाकी भरतानाही शोषकात दाब चढलेला राहतो. ज्यांच्याकडे तो नाही त्यांनी टाकी कधीच पूर्ण रिकामी करू नये, १०० बारच्या वरच ठेवावी.

नळकांडं रुंद आणि बुटकं नको. तेवढ्याच दाण्यांचं लांब आणि अरुंद घ्या, हवा मधूनच वाट काढून निसटत नाही, सगळ्या दाण्यांतून जाते. दाणे स्प्रिंगने घट्ट दाबलेले, दोन्ही टोकांना फेल्टची चकती. दाणे आत हलले की एकमेकांवर घासून धूळ होते आणि ती तुमच्या भरणीच्या व्हॉल्व्हच्या सीटवर जाऊन बसते. मग गळती सुरू. आणि ब्लीड सावकाश करा. २५० बार एका झटक्यात सोडले तर दाणे फुटतात.

तेलावर चालणाऱ्या कॉम्प्रेसरला सीव्हच्या पुढे थोडा सक्रिय कोळसाही हवा. कोळसा तेलाचा वास आणि वाफ धरतो, पण ओला झाला की निकामी, म्हणून सीव्ह आधी, कोळसा नंतर.

---

लोखंडी

मी मशीन शॉपमध्ये काम करतो, म्हणून एका गोष्टीवर जोर देऊन बोलतो. ४० मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळकांड्यात ३०० बार असेल तर झाकणावर जवळपास पावणेचार टन जोर असतो. एका छोट्या ट्रकचं ओझं, तुमच्या गुडघ्याशेजारी. त्यामुळे घरी लेथवर फिरवून केलेली नळकांडी, कुठून तरी मिळालेला पाइप, सायकल पंपाची जोडणी, हे काहीही नको. नळकांड्यावर कामाचा दाब कोरलेला हवा, फाटणारी सुरक्षा-चकती हवी, आटे पूर्ण खोलीपर्यंत बसलेले हवेत. ॲल्युमिनियमच्या आट्यांत पाणी साचून पांढरा गंज दिसला तर ते नळकांडं वापरातून काढा. घासून परत वापरू नका.

झाकण फिरत नसेल तर आत दाब आहे असंच समजा. गेज शून्य दाखवत असलं तरी. पाना मोठा घेऊ नका, ब्लीड परत उघडा, वाट बघा.

ओ-रिंगांना फक्त सिलिकॉन ग्रीस. साधं मशीनचं तेल किंवा पेट्रोलियम ग्रीस दाबलेल्या गरम हवेत डिझेल इंजिनासारखं पेट घेऊ शकतं. आणि बाटलीत भरायची ती फक्त हवा. ऑक्सिजन कधीच नाही.

---

दहामीटर

लोखंडी यांचा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवावा अशी संपादकांना विनंती.

---

गारवा

भरणी झाल्यावर फिल्टरमध्ये दाब ठेवावा की सोडावा? एका मित्राचं म्हणणं, २०-३० बार ठेवले तर बाहेरची ओल आत येत नाही.

---

वातयंत्र

तळाचं पाणी काढून थोडा दाब ठेवला तर शोषक जास्त टिकतो हे खरं आहे. मोठ्या यंत्रांत तसं करतातही.

---

लोखंडी

मोठी यंत्रं कुलूपबंद खोलीत असतात. घरात मुलं असतील तर मी पूर्ण सोडतो आणि दोन्ही तोंडांना टोपण घट्ट लावतो. दाणे थोडे आधी बदलावे लागले तरी चालेल.

---

एकनळी

मी लोखंडींच्या बाजूने.

रंगावरही एक सांगतो. निळं जेल ओलं झालं की गुलाबी होतं, पण तो रंग कोबाल्ट क्लोराइडचा, त्याची धूळ नाकात जायला नको. नारंगीचं हिरवं होणारं घ्या. आणि डबीचा तळ रंगला की लगेच फेकू नका. रंगाची सीमा चढत चढत हवा बाहेर पडते त्या टोकाकडे जाते, तीन चतुर्थांश चढली की बदला.

---

रानवाट

तीन आठवड्यांनी परत आलोय, सांगायला उशीर झाला.

रेग्युलेटर दुरुस्त केला. बाटली रिकामी करून उलटी टांगून दोन दिवस वाळवली, आत टॉर्चने बघितलं, खड्डे नाहीत. नळीचं वेटोळं बादलीत घातलं, बादलीत बर्फाच्या दोन बाटल्या. पुढे उभा विभाजक, मग ३० सेंटिमीटर लांबीचं सीव्हचं नळकांडं, मग बॅक-प्रेशर व्हॉल्व्ह. फिल्टरला हात लावला तर आता गार लागतो.

काल पहाटे टाकी १०० वरून ३०० बारला नेली. २४ अंश, आर्द्रता ८० टक्के. दर पाच मिनिटांनी ब्लीड करून पाणी बाटलीत धरलं: १८ मिली. हिशेबाने तेवीसेक यायला हवं होतं, थोडं फवाऱ्यात उडालं. सीव्हचं कार्ट्रिज आधी आणि नंतर वजन केलं तर फक्त ०.३ ग्रॅमने वाढलं. इतके दिवस जे पाणी टाकीत जात होतं ते सगळं आता बाटलीत डोळ्यांसमोर दिसतंय. गढूळ, तेलकट, वास येणारं.

टाकीचा व्हॉल्व्ह किंचित उघडून थंड आरशावर हवा सोडली, डाग पडला नाही. आर्द्रता दाखवणारी पट्टी मागवली आहे, आली की तिचाही आकडा टाकतो.

एकच शंका उरली. बॅक-प्रेशर व्हॉल्व्ह १५० ला लावलाय. २०० ला नेला तर अजून फरक पडेल का?

---

वातयंत्र

पडेल, पण थोडा. १५० वरून २०० म्हणजे वाफ तीन चतुर्थांश. बादलीतलं पाणी दहा अंशांनी अजून गार ठेवलंत तर त्याहून जास्त मिळेल. व्हॉल्व्ह आहे तिथेच राहू द्या, बर्फाच्या बाटल्या चार करा.